सुरीचा वाटा

दाराला बेल होती, तरी ती दार ठोकायची, आणि तेही सुरीच्या मुठीनं. दार उघडलं की समोर सत्तरी ओलांडलेली एक ठेंगणी बाई. दोन्ही नाकपुड्यांत खड्यांच्या चमक्या, उजव्या हातात सुरी आणि डाव्या काखेत, मूल घ्यावं तसा घेतलेला एक पिवळट, लांबट भोपळा. "तंबी, सुरी लाव," असं म्हणून ती दोन्ही वस्तू माझ्या हातात द्यायची आणि स्वतः उंबऱ्याबाहेर उभी राहायची.

तुमच्या शेजारणी विरजण मागायला येत असतील, फार तर वाटीभर साखर. आमची शेजारीण भोपळ्याला पहिला घाव घालायला पुरुष मागायला यायची. आणि हे कुठल्या खेड्यात नव्हे, चेन्नईत, पेरुंगुडीत, अकराव्या मजल्यावर, जिथून खाली बघितलं की नुसत्या आयटी कंपन्यांच्या काचा चमकतात. तुमचा विश्वास बसायचा नाही. पहिल्या दिवशी माझाही बसला नव्हता.

सगळी सोसायटी तिला मामी म्हणायची. तमिळ लोक मामी म्हणत, आम्हीही मामीच म्हणत होतो, त्यामुळे ती नेमकी कुणाची, असा प्रश्न कधी आला नाही. मूळ घराणं तंजावरकडचं मराठी. संसार मैलापूरला, देवळामागच्या गल्लीत झाला. नवरा गेल्यावर एकुलत्या एका मुलानं तिला आमच्या शेजारच्या फ्लॅटमध्ये आणून ठेवलं आणि तो टोरोंटोला परत गेला. तिचं मराठी मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा वाटलं, बाई पोथी वाचतेय की काय. "येतें", "करितें", "सांगतें", आणि वाक्याच्या शेवटी तमिळ हेल. मी चाकणहून बदली होऊन ओरगडमच्या ट्रकच्या कारखान्यात आलेला. माझं "आलोय, चाललोय, झालंय" ऐकून ती हसायची. तुमच्याकडचे लोक भाषा न चावता गिळतात, असं तिचं मत होतं. मला मात्र ती तंबी म्हणायची, म्हणजे धाकटा भाऊ. त्या एका शब्दावर तिनं माझ्याकडून काय काय करून घेतलं, ते आता सांगतो.

झालं असं, की एका उन्हाळ्यात मामीनं सकाळी दूध तापत ठेवलं आणि रेडिओवर कुणीतरी चांगलं गात होतं म्हणून ती बाहेरच्या खोलीत जाऊन बसली. दूध उतू गेलं, ज्योत विझली, गॅस सुरूच राहिला. वास आमच्या घरात आला तशी माझी बायको धावली, तिनं खिडक्या उघडल्या, बटण बंद केलं. मामी शांत. "परवाइल्लै," म्हणाली. हा तिचा आवडता शब्द. असू दे, चालायचंच, एवढं काय त्यात, हे सगळं मिळून तमिळमध्ये परवाइल्लै होतं. पण सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपला काही परवाइल्लै नसतं. तासाभरात बातमी टोरोंटोला पोचली.

चिरंजीवांनी तिथून फर्मान काढलं. सिलिंडर परत गेला. त्या जागी खोकी आली. भाताचा कुकर, पाणी तापवायची किटली, इंडक्शनची शेगडी आणि एक काळाकुळकुळीत, गोल पोटाचा एअर फ्रायर. मामीची सगळी भांडी पितळेची, ती इंडक्शनवर तापेनात. स्टीलची घ्या म्हटलं तर ती माझ्याकडे अशी बघायची, की मी तिला घटस्फोट घ्यायला सांगतोय. शेगडी परत गेली, एअर फ्रायर राहिला.

आणि राहिली ती अट. दिवाळीला मी येतो, मुलानं सांगितलं. तोवर तू रोज स्वतः करून खाल्लंस, जेवणाचा फोटो पाठवलास, आणि कुणाच्या मदतीशिवाय एकटी राहू शकतेस असं मला दिसलं, तर राहा. नाहीतर माझ्याबरोबर टोरोंटोला यायचं आणि फ्लॅट विकून टाकायचा.

"परीक्षा आहे माझी," मामी आम्हाला येऊन सांगून गेली. हसत सांगितलं, पण हात पदराशी चाळा करत होते. तिला जायचं नव्हतं. शुक्रवारी ती पेरुंगुडी स्टेशनवरून गाडीनं मैलापूरला जायची, देवळात जायची, मग तळ्याच्या पायऱ्यांवर तिच्या तीन मैत्रिणी जमायच्या आणि चौघी मिळून सगळ्या मैलापूरच्या सुनांचा निकाल लावायच्या. डिसेंबर उजाडला की रोज सभा, म्हणजे तिथल्या गायनसंस्थांच्या मैफली. सकाळी एक गाणं, दुपारी एक, मधे सभेच्या कँटीनमधलं जेवण, आणि ते गाण्यापेक्षा बरं की वाईट यावर चर्चा. एवढंच तिचं आयुष्य होतं आणि ती त्यात मजेत होती. टोरोंटोत बर्फाकडे बघत कोण बसेल?

आता भोपळ्याकडे येतो. मामीचं सामान मुलगा तिथूनच फोनवरून मागवायचा, दर गुरुवारी यायचं. त्याला इकडचं काही आठवत नसावं, कारण तो तिथे जे खायचा तेच इथे मागवायचा. पहिल्या गुरुवारी पिशवीतून निघाली ब्रोकोली, सॅलडचा पाला आणि ही वस्तू. वर बारीक, खाली फुगीर, रंग कातडी चपलेचा. वर कागद चिकटवलेला, बटरनट स्क्वॉश. माझ्या बायकोनं उलटसुलट करून पाहिलं आणि म्हणाली, दुधीनं भोपळ्याशी पळून जाऊन लग्न केलेलं दिसतंय.

मामीच्या दृष्टीनं मात्र ही थट्टेची गोष्ट नव्हती. दुधी असेल तर कुणीही कापावा. भोपळा असेल तर तिला कापता येणार नव्हता. त्यांच्याकडे असं मानतात, की भोपळा म्हणजे घरचा थोरला लेक. बाईनं त्याला पहिली सुरी लावायची नाही. पुरुषानं एक घाव घातला की मग तुकडे करा नाहीतर कीस करा, कुणी विचारत नाही. आमच्या गावाकडे कोहळ्याला असाच पुरुषाचा हात लागतो, त्यामुळे मला ते अगदीच नवीन नव्हतं. पण ह्या परदेशी पाहुण्याला कोणता नियम लावायचा, हे कुठे लिहिलंय? मामीनं त्याचं फुगीर बूड दाबून पाहिलं, बोटानं वाजवून पाहिलं आणि निकाल दिला. "पोट आहे त्याला. भोपळाच."

घरात पुरुष नाही. एकुलता एक आहे तो साता समुद्रापलीकडे. राहिलो मी.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. लग्नाला इतकी वर्षं झाली, मी घरात साधी मिरची चिरलेली नाही. त्यामुळे मी सुरी घेऊन उंबऱ्यात बसलो तेव्हा बायको मोबाईल घेऊन व्हिडिओ काढायला उभी राहिली. घरात काकडी सोलवत नाही आणि बाहेर मानाचे घाव घालतात, असं ती नंतर कुणाला तरी फोनवर सांगत होती, बहुतेक माझ्या सासूला. आणि तो स्क्वॉश कसला, लाकूड होतं लाकूड. सुरी मानेत निम्मी गेली आणि अडकली. पुढे जाईना, मागे येईना. शेवटी मी सुरीसकट भोपळा उचलला आणि जमिनीवर आपटला, तेव्हा कुठे दोन फाकी झाल्या. खालच्या मजल्यावरचे वर बघायला आले.

मामी एवढा वेळ लिफ्टच्या दाराकडे तोंड करून उभी होती. मला वाटलं, माझी फजिती बघवत नसेल. नंतर लक्षात आलं, दर वेळी तसंच. सुरी टेकली की ती तोंड फिरवायची. एकदा विचारलं, तर म्हणाली, "आपला असतो रे. बघवत नाही." आणि घाव झाल्याबरोबर त्याच फाकी घेऊन, "सरि, झालं," म्हणत अशी तरातरा जायची, की मघाशी हीच हळवी झाली होती हे खरं वाटू नये.

तासाभरानं झाकलेली वाटी यायची. पहिल्या घावाची मजुरी. मी नको नको म्हटलं, तर ती रागावली. हा सुरीचा वाटा, तो नाकारायचा नसतो, असं तिनं सांगितलं. हा नियम जुना होता की तिनं त्या दिवशीच बनवला होता, मला माहीत नाही. पण त्या वाटीवर आमच्या घरात भांडणं व्हायला लागली हे खरं.

अर्थात, सुरुवातीच्या वाट्या तशा नव्हत्या. पहिल्या वाटीत जे होतं त्याला बायकोनं शहाणपणानं "वेगळं लागतंय" म्हटलं. मामीनं एअर फ्रायरमध्ये रीतसर फोडणी करायला घेतली होती. आत पंखा असतो हे तिला कोण सांगणार? मोहरी तडतडली नाही, उडाली. कढीलिंब वर तापलेल्या तारेला जाऊन चिकटला आणि त्याचा धूर निघाला. मामीनं घाईनं वायर ओढली आणि माझ्याकडे आली. यंत्राच्या पोटात वारं शिरलंय, म्हणाली.

दुसरी अडचण तिच्या स्वभावाची होती. झाकण काढून, ढवळून, वास घेऊन, चार दाणे मीठ घालून बघितल्याशिवाय तिला स्वयंपाक केल्यासारखं वाटत नसे. ती दर दोन मिनिटांनी खण ओढायची. खण ओढला की यंत्र थांबतं. वीस मिनिटांच्या भाजीला दीड तास लागायचा. मी कारखान्यात तपासणी खात्यात आहे, म्हणून मला वाटलं आपण समजावून सांगू. म्हटलं, मामी, भट्टी चालू असताना आम्हीही आत बघत नाही, वेळ झाली की बाहेर काढून तपासतो. तिनं मला आपादमस्तक न्याहाळलं आणि विचारलं, "मग ट्रक बिघडतात कशाला?"

पण बाई हरणारी नव्हती. परीक्षा होती ना. आषाढ सरेपर्यंत तिचं त्या काळ्या डब्याशी जुळलं. सालीसकट मोठ्या फोडी, दोन चमचे तिळाचं तेल, हळद, मीठ आणि तिची घरची रसम पावडर, हातानं चोळून अर्धा तास ठेवायच्या. खणात एका थरात मांडायच्या, एकावर एक रचायच्या नाहीत. मधे एकदाच खण ओढायचा, गदागदा हलवायचा, पुन्हा सारायचा. कडा काळपट व्हायला लागल्या की झाल्या. वरून ओलं खोबरं. बियासुद्धा फेकायच्या नाहीत. धुऊन, तिखट-मीठ लावून, वर जाळी दाबून भाजायच्या, म्हणजे उडत नाहीत. स्क्वॉश आतून लोण्यासारखा मऊ, कडेला कुरकुरीत, गोड आणि झणझणीत. मी भोपळा पाहिला की ताटावरून उठणारा माणूस, गुरुवारची वाट बघायला लागलो. मोहरीचं दुःख मात्र तिला राहिलं. "मोहरीविना जेवतें, तंबी," असं ती इतक्या खोल आवाजात सांगायची, की नवऱ्याच्या आठवणीनंसुद्धा तिचा आवाज इतका कधी दाटला नव्हता.

रोज जेवणाचा फोटो टोरोंटोला जायचा. सुरुवातीच्या फोटोंत भाजी थोडी आणि तिचा अंगठा फार दिसायचा, पुढे तेही सुधारलं. मुलाकडून उत्तरादाखल नुसता एक अंगठा यायचा. एक दिवस ती चेहरा पाडून आली. फोटोत तुझा घाव दिसत नाही, म्हणाली. कुणाच्या मदतीशिवाय, अशी अट आहे. ही लबाडी तर नाही? मी तपासणी खात्याच्या अधिकारात सांगून टाकलं, की एका घावाला मदत म्हणत नाहीत. तिला ते पटलं नाही, पण तिनं पटवून घेतलं.

माझी दुसरी पाळी असली की तिची पंचाईत व्हायची. मग ती सामान घेऊन येणाऱ्यालाच उंबऱ्यात बसवून घाव घालून घ्यायची. एकदा लिफ्ट दुरुस्त करणारा अर्धा आत अर्धा बाहेर असा लटकलेला असताना तिनं त्याच्यापुढे भोपळा धरला होता, हे बायकोनं स्वतः पाहिलंय. दसऱ्याच्या आदल्या दिवशी, आयुधपूजेला, आमच्या कारखान्यात यंत्रांपुढे कोहळे फुटतात, ट्रकच्या चाकांखाली लिंबं चिरडतात. त्या दिवशी घरी आलो तर मामीनं एअर फ्रायरला चंदन लावून मधोमध कुंकवाचा टिळा लावला होता, खणाच्या मुठीला झेंडूची फुलं बांधली होती. "राबतो बिचारा," म्हणाली. ज्या डब्याला तिनं चार महिने शिव्या घातल्या होत्या, त्याच्यापुढे तिनं हात जोडले. मीही जोडले. सुरीचा वाटा त्याच्याच पोटातून येत होता.

दिवाळीच्या चार दिवस आधी चिरंजीव आले. चाळिशीचा, उंच, चष्मा, अंगात घरातसुद्धा पूर्ण बाह्यांचा टी-शर्ट. माझ्याशी इंग्रजीत बोलला, आईशी तमिळमध्ये. आई त्याला कण्णा म्हणायची, म्हणजे बाळा. मराठी त्याला कळायचं, बोलायचा नाही. माणूस वाईट नव्हता. त्यानं खिडक्यांच्या कड्या तपासल्या, बाथरूममध्ये पकडायला दांडा बसवून घेतला, औषधांच्या तारखा पाहिल्या. आमच्या खात्यात सहज खपला असता. शनिवारी दुपारी आईनं त्याला एकटीनं स्वयंपाक करून जेवायला घालायचं असं ठरलं. ती शेवटची परीक्षा.

मामीचा बेत पक्का होता. तो सकाळी उशिरा उठतो, मग तासभर फोनवर असतो. मी अर्धी रजा टाकून अकराला घरी येणार, आमच्याच घरात घाव घालणार, ती फाकी पदराखाली घेऊन जाणार. आदल्या दिवशी कापून ठेवा, असं मी सुचवलं, तर शिळी चिरलेली भाजी पोराला घालूं काय, म्हणून तिनं मला झापलं.

आणि नेमकी त्या दिवशी कंपनीची बस तांबरमला अडकली. दिवाळीला गावी निघालेलं अख्खं चेन्नई रस्त्यावर उतरलं होतं. बस इंच इंच सरकत होती आणि बायकोचे फोनवर फोन येत होते. मामी सुरी घेऊन आपल्याकडे बसल्यात. मामी विचारतायत कुठपर्यंत आलात. मजल्यावरचे सगळे पुरुष गावाला गेलेत, वॉचमनसुद्धा. मी म्हटलं, अगं, तू मार ना घाव. ती थंडपणे म्हणाली, मी बाई आहे, तुमच्या लक्षात आलं नसेल एवढ्या वर्षांत.

मी धापा टाकत पोचलो तेव्हा उशीर झाला होता. मामीच्या घराचं दार सताड उघडं. स्वयंपाकघरात जमिनीवर कागद अंथरलेला, त्यावर अख्खा स्क्वॉश, शेजारी सुरी. मामी खाली बसलेली, बायको भिंतीला टेकून उभी आणि मुलगा कमरेवर हात ठेवून. आईला शोधत तो आमच्याकडे गेला होता आणि सगळं बाहेर आलं होतं. इतके महिने प्रत्येक गुरुवारी शेजाऱ्यानं घाव घातला, हेही.

मला बघून मामीचा जीव भांड्यात पडला. मी पुढे होऊन सुरी उचलणार, तेवढ्यात मुलानं मला अडवलं. अगदी सभ्यपणे, सर म्हणून. आज नको, म्हणाला. मग आईकडे वळून तो शांतपणे तमिळमध्ये बोलला. उद्या कुणी नसलं तर तू उपाशी बसणार का? ही भाजी आहे अम्मा, नुसती भाजी. आत्ता, माझ्यासमोर, तू स्वतः काप. कापलीस की मी पुन्हा तुला कधी टोरोंटोचं नाव काढणार नाही.

मला एवढंच वाटत होतं, काप बाई. एक घाव, आणि शुक्रवारची गाडी, देवळाचं तळं, डिसेंबरच्या सभा, सगळं तुझं. मी मनातल्या मनात तिच्याऐवजी कापतसुद्धा होतो.

मामीनं सुरी घेतली. डाव्या हातानं भोपळा धरला. सुरीचं पातं त्याच्या मानेवर टेकवलं. मान वर करून मुलाकडे पाहिलं, बराच वेळ पाहिलं. मग सुरी खाली ठेवली आणि हात पदराला पुसले.

"नको कण्णा. टोरोंटोला येतें," ती म्हणाली, मराठीत. "थोरला लेक असतो तो. तुला सुरी लावून मला घर नको."

माझी बायको खिडकीबाहेर बघायला लागली, आणि ती बाहेर काही बघत नव्हती हे मला माहीत आहे.

मुलगा खाली मांडी घालून बसला आणि त्यानं सुरी उचलली. आता आम्हा सगळ्यांना वाटलं, संपला प्रश्न. पण त्याला कुठे कापता येत होतं? त्यानं सुरी आडवी धरली, ती सालीवरून घसरली. उभी धरली, भोपळाच गडगडत गेला. त्यानं तो पकडून आणला, पुन्हा प्रयत्न केला, बोटाला लागता लागता राहिलं. मी अनुभवी माणूस म्हणून आपटायचा सल्ला दिला. आपटल्यावर फुटला, पण कसा, ते विचारू नका. मामी तोंड फिरवायची विसरली होती. ती त्याच्या हातांकडे बघत होती.

तू तर तिकडे हेच खातोस ना, तिनं विचारलं. हो, पण तिथे सोलून, फोडी करून पिशवीत मिळतो. मग कशात करतोस? मायक्रोवेव्हमध्ये. बरोबर काय? बरोबर काही नाही. बसतोस कुठे जेवायला? यावर तो हसला आणि म्हणाला, बसायला कशाला लागतं, ओट्याशीच उभ्या उभ्या होतं. त्याची बायको दोन वर्षांपूर्वी वेगळी झाली होती, ते मामीला माहीत होतं. पण तो उभ्यानं जेवतो हे माहीत नव्हतं.

त्या वेड्यावाकड्या फोडींची भाजी तिनं अर्ध्या तासात केली. खण एकदाच ओढला, एकदाच हलवला, मोजून मापून, यंत्राच्या आत न बघता. भात, रसम, ताक. मुलाला पाटावर बसवून वाढलं. तो पहिल्या घासाला थांबला, मग बोलणं सोडून खात सुटला. खणाच्या तळाशी चिकटलेले काळे तुकडे त्यानं चमच्यानं खरवडून खाल्ले. पाणी प्यायला आणि म्हणाला, अम्मा, तू इथेच राहा. तू पास आहेस. मी उगीच हट्ट केला.

"मी पास," मामी म्हणाली. "तूच नापास. मला एकटीला राहतां येतें, तुला नाही येत."

तो रडला की नाही, ते मी सांगणार नाही. बाईनं सहा महिने जी परीक्षा दिली, ती पास होऊन तिनं स्वतःच घर सोडलं. आम्ही तिला खूप समजावलं. बायको तर भांडली. मामीचं एकच उत्तर, परवाइल्लै. डिसेंबरच्या सगळ्या सभा मात्र तिनं ऐकून घेतल्या, कँटीनचं जेवण यंदा बिघडलंय असा निकाल दिला, आणि पोंगल झाल्यावर फ्लॅटला नुसतं कुलूप लावून ती गेली. जाताना एअर फ्रायर आमच्याकडे ठेवला. त्याच्यावर कुंकवाचा टिळा तसाच होता. बायकोनं तो अजून पुसू दिलेला नाही.

ती गेल्यावर तिसऱ्या की चौथ्या गुरुवारी, संध्याकाळी मी नुकताच घरी आलो होतो, आणि व्हिडिओ कॉल आला. आमची संध्याकाळ म्हणजे तिकडची सकाळ. स्वेटरवर स्वेटर, कानाला मफलर, नाकात तेवढ्या चमक्या ओळखीच्या. मागे खिडकीत पांढरं सगळं. तिनं स्क्वॉश फोनपुढे धरला. "पोरगा ऑफिसला गेला. घरांत पुरुष नाही. तंबी, सुरी लाव."

मी म्हटलं, मामी, मी चेन्नईत आहे. मग, ती म्हणाली, मी आंधळी आहे काय? मी मुकाट्यानं सुरी आणली आणि फोनच्या काचेला टेकवली. तिनं तोंड फिरवलं. "सरि, झालं," म्हणाली, आणि तिकडे खटाखट आवाज सुरू झाले. बायको पोट धरून हसत होती. पुढे हे दर गुरुवारी व्हायला लागलं. मी घरी नसलो तर बसमध्ये नाही तर कारखान्यात, कँटीनमधला चमचा घेऊन. चमचा चालतो का, असं विचारलं होतं. परवाइल्लै, म्हणाली. सुरीचा वाटा तेवढा बुडाला, मी तक्रार केली. ती म्हणाली, जमा होतोय, आल्यावर देतें. मुलाला शनिवारी कापायला शिकवतें, असंही सांगायची. तो आता खाली बसून जेवतो, हे तर प्रत्येक वेळी.

यायचं राहिलंच. दुसऱ्या हिवाळ्यात ती तिकडेच गेली, झोपेत. मुलाचा इंग्रजीत मेसेज आला. त्या दिवशी आम्ही दोघं शेजारच्या बंद दाराकडे बघत बसलो. आमच्यासाठी ती मामी होती, दुसरं नाव आम्ही तिला कधी लावलं नव्हतं. मला तिची फार आठवण येते, हे लिहायला कशाला लाजू?

महिनाभरानं एका गुरुवारी, त्याच वेळेला, फोन वाजला. स्क्रीनवर तोच ओटा, तीच खिडकी. मुलगा होता. पुढे पाटावर स्क्वॉश, हातात सुरी, आणि यावेळी ती नीट धरलेली. मी इंग्रजीत विचारपूस सुरू केली, तर तो थांबला आणि मराठीत बोलला. तिचंच मराठी, तोच हेल, फक्त अडखळत.

"मला येतो आतां कापायला. अम्मानं शिकवलं. पण पहिली सुरी तुम्ही लावा. मग मी कापितों."

बायको आधीच स्वयंपाकघरातून सुरी घेऊन आली होती. मी ती फोनच्या काचेला टेकवली. पलीकडे त्यानं तोंड फिरवलं.